जळू, मासा आणि मामांच्या पायाची जखम

पत्र

आदरणीय ताई,

आमचे गाव नांदेड जिल्ह्यात आहे. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे मामा म्हणतात, ६६ वर्षांचे आहेत. त्यांना चौदा वर्षांपासून शुगर आहे आणि दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. काढणीच्या वेळी ज्वारीचे धसकट डाव्या पायाच्या अंगठ्याखाली घुसले. ती जखम नऊ आठवडे झाले तरी भरत नाही. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करायला सांगितले आहे, पण मामा तयार नाहीत. दम्यासाठी ते तीन वर्षे मृगाला हैदराबादला मासा घ्यायला गेले होते आणि त्याने गुण आला असे ते सांगतात, म्हणून जिवंत प्राण्याच्या औषधावर त्यांचा फार विश्वास आहे. शेजारच्या तालुक्यातील एक गृहस्थ तळ्यातून आणलेल्या जळवा लावतात. ‘शुगर मुळापासून बरी, पाय कापण्याची गरज नाही’ असा फलक त्यांच्या दारावर आहे. माझे मिस्टर येत्या रविवारी मामांना तिकडे नेणार आहेत. सासूबाई माळकरी आहेत. त्या म्हणतात की जिवाला असे वापरणे हे पाप आहे. त्यातच नणंदेचे लग्न तोंडावर आले आहे. तिला टाचांच्या भेगांसाठी संभाजीनगरला फिश स्पा करायचा आहे, आणि ‘मामांनाही नेऊ, मासे मेलेली कातडी खातात’ असे ती म्हणते. घरात चार माणसांची चार मते आहेत. मी काय करावे?

उत्तर

ताई,

सर्वांत आधी निकडीचे सांगते. रविवारी मामांना त्या गृहस्थांकडे नेऊ नका, आणि माशांच्या हौदात तर त्यांचा पाय एका मिनिटासाठीही बुडवू देऊ नका. सोमवारची वाट न पाहता उद्याच त्यांना शस्त्रक्रिया विभाग असलेल्या रुग्णालयात दाखवा. जखमेला वास येत असेल, कड काळी पडली असेल, पावलावर सूज किंवा लाली वर चढत असेल किंवा अंगात कसर असेल, तर उद्याचीही वाट पाहू नका.

हे वाचून तुमच्या मिस्टरांना वाटेल की ही बाई जळवांच्या विरोधात आहे. तसे नाही. मी सव्वीस वर्षे शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होते आणि त्यातली बरीच वर्षे ड्रेसिंगच्या खोलीत गेली. जळू ही अंधश्रद्धा आहे असे मी कधीही म्हणणार नाही. जळवेच्या तोंडात तीन जबडे असतात आणि ती सुटल्यावर कातडीवर तीन रेघांची लहानशी खूण राहते. चावताना ती आपल्या लाळेतून रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते. जॉन हेक्राफ्ट यांनी १८८४ मध्ये तो गुण दाखवून दिला. त्या पदार्थाला आज हिरुडिन म्हणतात, आणि त्याच्याच धर्तीवर बनवलेली औषधे हृदयरोगाच्या रुग्णांना दिली जातात. १९८५ मध्ये बोस्टनमध्ये कुत्र्याने तोडलेला एका लहान मुलाचा कान पुन्हा जोडल्यावर तो निळा पडू लागला, तेव्हा जोसेफ अप्टन या शल्यविशारदांनी जळवा लावून तो वाचवला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये जळवांना वैद्यकीय साधन म्हणून रीतसर मान्यता दिली. आपल्याकडे तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जळवांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. तेव्हा जळू उपयोगी आहे की नाही, हा वाद आपण घालायचाच नाही. मामांच्या पायाला ती उपयोगी आहे का, एवढेच पाहायचे आहे.

त्या मुलाच्या कानाचे आणि मामांच्या पायाचे दुखणे एकमेकांच्या उलट आहे, आणि हा फरक तुम्ही मिस्टरांना नीट समजावून सांगावा अशी माझी विनंती आहे. जोडलेल्या कानात धमनीतून रक्त येत होते, पण बारीक शिरा जुळलेल्या नसल्यामुळे ते परत जाऊ शकत नव्हते. साचलेल्या रक्ताने कान फुगत होता. जळवेने ते साचलेले रक्त ओढून घेतले आणि शरीराला नवीन शिरा तयार करायला काही दिवस मिळाले. शेतात पाणी तुंबले तर आपण चर काढून देतो, तसे ते होते. बऱ्याच वर्षांची शुगर असलेल्या पायात बहुतेक वेळा मुळात रक्त पोहोचतच कमी असते, कारण धमन्या अरुंद झालेल्या असतात. विहीरच आटली असेल तर चर काढून काय होणार? उलट जळवेचा प्रत्येक चावा ही त्या पायावर आणखी एक जखम असते, आणि जो पाय नऊ आठवड्यांत एक जखम भरू शकला नाही, त्याच्यावर आपण आणखी पाच-सहा जखमा करणार का? मामांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे दुसरे आणि तितकेच गंभीर कारण आहे. निरोगी माणसालाही जळू सुटल्यानंतर त्या जागेतून कित्येक तास रक्त पाझरत राहते. मामांचे रक्त थांबवणे तालुक्याच्या गावी रविवारी दुपारी कोणाला जमेल, याचा विचार करा. आणि जळू लावायची म्हणून ती गोळी चार दिवस बंद ठेवा असे कोणी सुचवले, तर ते मुळीच ऐकू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता ती गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते.

आता तळ्याविषयी. आपल्याकडे म्हैस तळ्यातून बाहेर आली की तिच्या कासेला आणि पायांना जळवा लटकलेल्या दिसतात. लहानपणी आजोळी मी त्या तंबाखूचे पाणी टाकून काढलेल्या पाहिल्या आहेत, त्यामुळे तळ्यातली जळू आपल्याला घरचीच वाटते. पण तिच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू कायम राहतात. ते तिला पचनाला मदत करतात, मात्र माणसाच्या जखमेत गेले तर ती चिघळवतात. म्हणून प्लास्टिक सर्जरीच्या विभागात जळवा लावताना रुग्णाला आधीपासून प्रतिजैविक दिले जाते. त्या जळवाही खास जोपासलेल्या, स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवलेल्या असतात.

जे लोक ‘आमचे शास्त्र जुने आहे’ असे म्हणतात, त्यांनी ते जुने शास्त्र उघडून पाहावे असे मला फार वाटते. सुश्रुतांनी बारा प्रकारच्या जळवा सांगितल्या आहेत, त्यांतील सहा सविष आणि सहा निर्विष. कुजलेल्या मासे-बेडकांच्या आणि मलमूत्राच्या घाण पाण्यात वाढणाऱ्या जळवा वापरू नयेत, कमळे असलेल्या निर्मळ पाण्यातल्या घ्याव्यात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. पकडलेली जळू नव्या घटात ठेवावी, दर तीन दिवसांनी तिचे पाणी आणि खाद्य बदलावे, दर सात दिवसांनी घटच बदलावा, असेही तेथे लिहिलेले आहे. रक्त प्यालेल्या जळवेला ते ओकायला लावावे आणि नीट ओकवले नाही तर तिला इंद्रमद नावाचा असाध्य रोग होतो, इतका त्या जिवाचा विचार त्या अध्यायात केलेला आहे. गावच्या ज्या तळ्यात गुरे धुतली जातात आणि सांडपाण्याचा नाला येऊन मिळतो, त्या तळ्यातली जळू बरणीत घालून आणणारा माणूस कोणते शास्त्र पाळतो आहे?

त्या गृहस्थांकडे जाऊन आलेल्या माणसांना एक प्रश्न अवश्य विचारा: मागच्या रुग्णाला लावलेली जळू पुढच्या रुग्णाला लावतात का? एकाचे रक्त पोटात असलेली जळू दुसऱ्याला लावणे म्हणजे एकाची सुई दुसऱ्याला टोचण्यासारखेच आहे. काविळीच्या ब आणि क प्रकारांचे किंवा एचआयव्हीचे विषाणू पसरण्याचा धोका त्यात आहे. जे नोंदणीकृत वैद्य हे काम नीट करतात, ते प्रत्येक रुग्णाची जळू वेगळ्या बरणीत, नाव आणि तारीख लिहून ठेवतात आणि ती दुसऱ्या कोणालाही लावत नाहीत. आयुर्वेदाचा सल्ला घ्यावा असे मिस्टरांना मनापासून वाटत असेल, तर नांदेडलाच शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथे शल्यतंत्राच्या वैद्यांना जखम दाखवा, स्टेंट आणि गोळीची माहिती लपवू नका, आणि त्यांचे मत ऐका. दारावरच्या फलकाबद्दल म्हणाल, तर मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने मुळातच मना आहे. ज्याला ते ठाऊक नाही किंवा ठाऊक असून पर्वा नाही, त्याच्या हातात मी माझ्या घरातल्या माणसाचा पाय दिला नसता.

येथे एक आठवण सांगते, कारण ती मामांना सांगण्याजोगी आहे. एका पावसाळ्यात पन्नाशीचे एक शेतकरी ड्रेसिंगसाठी आले. त्यांनाही शुगर होती. जखमेवर त्यांनी घरच्या घरी जुन्या धोतराची पट्टी बांधली होती. ती मी ओली करून सोडली, तेव्हा जखमेच्या कडेखाली काहीतरी हलले. टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ धरल्यावर पांढऱ्या अळ्या एकेक करून वर येऊ लागल्या आणि मी त्या चिमट्याने उचलून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकत गेले. एकेचाळीस निघाल्या. या सगळ्या वेळात ते गृहस्थ माझ्याशी त्या वर्षीच्या सोयाबीनच्या भावाविषयी बोलत होते. त्यांना काहीच दुखत नव्हते. अळ्यांची मला सवय होती. त्या न दुखण्याचीच मला भीती वाटली. शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होतात आणि मग धसकट घुसले काय, अळ्या पडल्या काय, माणसाला कळतच नाही. मामा जर ‘मला दुखत नाही, म्हणजे फार काही नाही’ असे म्हणत असतील, तर त्यांना हा प्रसंग जरूर सांगा.

आणि तरीही अळ्यासुद्धा औषध आहेत. पहिल्या महायुद्धात १९१७ च्या सुमारास विल्यम बेअर या अमेरिकन शल्यविशारदांनी असे दोन सैनिक पाहिले, जे मोठ्या जखमा घेऊन सात दिवस रणांगणावर पडून होते. त्यांच्या जखमांत अळ्या वळवळत होत्या, पण ताप नव्हता आणि आतले मांस गुलाबी, निरोगी होते. पुढे बाल्टिमोरला त्यांनी मुद्दाम अळ्या सोडून उपचार सुरू केले. त्यांतील काही रुग्णांना अळ्यांबरोबर आलेल्या जंतूंचा संसर्ग झाला, तेव्हा त्यांनी माशीची अंडीच निर्जंतुक करण्याची पद्धत बसवली. आज परदेशात शुगरच्या जखमांसाठी ज्या अळ्या वापरतात, त्या हिरवट झाक असलेल्या एका विशिष्ट माशीच्या असतात, प्रयोगशाळेत निर्जंतुक अंड्यांतून काढलेल्या असतात, मेलेले मांस तेवढे विरघळवून खातात आणि दोन-तीन दिवसांत मोजून काढून घेतल्या जातात. आपल्या गोठ्यातल्या माशांत मात्र जिवंत मांस खाणाऱ्या अळ्यांची माशी आहे. बैलाच्या खांद्याला किडे पडले की आपण सीताफळाचा पाला वाटून लावतो, तो उगीच नाही. म्हणून ‘तिकडे परदेशात अळ्या सोडतात म्हणे’ असे सांगून कोणी मामांची जखम उघडी ठेवायला सांगितले तर ऐकू नका. जखम सदैव झाकलेली असावी.

हैदराबादच्या माशाविषयी मी मामांशी वाद घालणार नाही, आणि तुम्हीही घालू नका. मृगाच्या सुमारास तेथे लाखो लोक जातात, पिवळे औषध तोंडात ठेवलेले मरळीचे जिवंत पिल्लू गिळतात, आणि ज्यांना ते चालत नाही त्यांना गुळातून देतात. त्याने दमा बरा होतो असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. पण मामांच्या बोलण्यातला जो भाग माझ्या मनाला लागला तो वेगळाच आहे: गाडीला गर्दी असताना, रात्रभर रांगेत उभे राहून, तीन वर्षे नेमाने त्यांनी एक पथ्य पाळले. बरे होण्यासाठी कष्ट घेण्याची त्यांची तयारी आहे. त्या तयारीला हात घाला. ‘तुमचे चुकले’ असे न म्हणता ‘मामा, माशासाठी तुम्ही तीन वर्षे हैदराबाद केले, आता या पायासाठी तीन महिने माझे ऐका’ असे सुनेने म्हटले, तर त्या वयाचा माणूस ऐकतो, असा माझा अनुभव आहे. दम्याचा फवारा चालू असेल तर तोही बंद होऊ देऊ नका.

सासूबाईंचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण तुमच्या घरात त्या जिवाचा विचार फक्त त्यांनी केला. त्यांना खोटे समाधान देऊ नये. रुग्णालयात एका रुग्णाला लावलेली जळू काम झाल्यावर बहुधा मारूनच टाकतात, कारण तेच सुरक्षित असते; तिला ओकायला लावून जपण्यात दया अधिक आहे, पण ती दुसऱ्या रुग्णाला लावली तर माणसाला धोका आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात जळवांची इतकी लूट झाली की एकट्या फ्रान्सने १८३३ मध्ये चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून मागवल्या होत्या, आणि पुढे तेथील कित्येक तळी जळवांविना झाली. त्या मुक्या जिवाचा हिशेब कोणी ठेवला नाही, ही सासूबाईंची व्यथा खरीच आहे. पण त्यांना हेही सांगा की मामा ज्या इन्सुलिनला नको म्हणत आहेत, त्यात आता कोणाचाही जीव जात नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोला पहिल्या मुलाला इन्सुलिन टोचले ते जनावराच्या स्वादुपिंडातून काढलेले होते, आणि त्यानंतर साठ वर्षे ते गाई-डुकरांच्याच स्वादुपिंडांतून काढले जात होते. १९८२ पासून मानवी इन्सुलिन सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतले जाऊ लागले. दुकानात मिळणारे आजचे इन्सुलिन त्याच रीतीने बनते. मामांची जखम भरण्यासाठी साखर आटोक्यात येणे ही पहिली गरज आहे, आणि माळ घालणाऱ्या बाईला पटेल असा मार्ग या घरात कोणता असेल तर तो जळवेचा नसून हाच आहे. ही गोष्ट मामांना त्यांनीच सांगितली, तर तुमच्या-माझ्या सांगण्यापेक्षा तिचा परिणाम अधिक होईल.

नणंदबाईंना माझा आशीर्वाद सांगा आणि फिश स्पाचा बेत सोडायला सांगा. ते मासे मूळचे तुर्कस्तान आणि आसपासच्या भागातले. तुर्कस्तानात कांगलच्या गरम झऱ्यांवर सोरायसिसचे रुग्ण त्यांच्यासाठी जातात. तेथे वाहते पाणी असते. आपल्याकडच्या दुकानात काचेचा एक हौद असतो, त्यात सकाळपासून दहा जणांनी पाय बुडवलेले असतात. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये वस्तरा उकळता येतो, मासा उकळता येत नाही. पाण्यात जंतुनाशक टाकले तर मासे मरतात. ब्रिटनमध्ये या व्यवसायासाठी आणलेल्या माशांची तपासणी झाली तेव्हा माणसाला आजारी पाडू शकतील असे अनेक जंतू त्यांच्यात सापडले, आणि मधुमेह असलेल्यांनी यापासून दूर राहावे असे तेथील आरोग्य यंत्रणेने बजावले. अनेकदा या माशांच्या नावावर दुसऱ्याच जातीची दात असलेली पिल्लेही विकली जातात. शिवाय पोट भरलेला मासा माणसाच्या टाचेकडे ढुंकूनही पाहत नाही. तो तुटून पडावा म्हणून त्याला उपाशी ठेवावे लागते. सासूबाईंना हे कळले तर त्या लेकीला स्वतःच अडवतील. भेगांसाठी रोज रात्री पंधरा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवावेत, स्वतःच्या वेगळ्या वज्रीने हलक्या हाताने घासावेत, पुसून पेट्रोलियम जेली चोळावी आणि सुती मोजे घालून झोपावे. तीन आठवड्यांत फरक दिसतो, म्हणून लग्नाआधी आजपासूनच सुरू करावे. हा उपाय मामांसाठी नाही. त्यांच्या पायाला वज्री आणि गरम पाणी दोन्ही वर्ज्य आहेत, कारण बधिर पायाला भाजलेलेही कळत नाही.

आता उद्याचे. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सकाळीच पोहोचा म्हणजे शस्त्रक्रिया विभागाची बाह्यरुग्ण खिडकी गाठता येईल. जाताना जुन्या चिठ्ठ्या, स्टेंटचे कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. हाड सडले आहे का हे पाहण्यासाठी एक्स-रे, पायात रक्त पोहोचते का याची डॉपलर तपासणी आणि तीन महिन्यांच्या साखरेची रक्तचाचणी, या तीन गोष्टींबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा. विचारण्यात संकोच नसावा. जखमेवरचे घट्टे आणि मेलेले मांस डॉक्टर कापून काढतील, ते पाहून घाबरू नका. धसकटाचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता आहे, म्हणून ते कशाने आणि केव्हा लागले हे नक्की सांगा, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का तेही. जखम भरेपर्यंत मामांनी त्या पायावर भार देऊन चालायचे नाही. ही गोष्ट शेतकरी माणसाला औषधापेक्षाही जड जाते, हे मला ठाऊक आहे. तेवढे दिवस रानात कोण जाणार ते आजच मिस्टरांबरोबर ठरवा, नाही तर तिसऱ्या दिवशी मामा बांधावर उभे दिसतील.

आज रात्री पट्टी बदलताना एक काम करा. जखमेजवळ स्वच्छ मोजपट्टी धरून जखमेची लांबी आणि रुंदी मोजा, तारखेसह वहीत लिहा, आणि मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. नंतर दर रविवारी त्याच वहीत मोजमाप लिहीत जा. चार आठवड्यांत आकार निम्म्यावर आला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.